कंट्रोल-एच दाबून बघितलंय कधी?

प्रॅक्टिकलची परीक्षा. लॅबमध्ये चाळीसेक मुलंमुली. प्रत्येकाच्या समोर एक मशीन, मशीनवर लिनक्स आणि लिनक्सवर उघडलेला एमॅक्स नावाचा जुनाट दिसणारा एडिटर. फोन बाहेर टेबलावर जमा केलेले. नेट बंद.

प्रश्न तसा सोपा होता. तीनेकशे ओळींचा एक प्रोग्रॅम दिलेला. त्यातल्या एका व्हेरिएबलचं नाव बदलायचं, पण जिथे तोच शब्द नुसता मेसेज म्हणून छापलाय तिथे तो तसाच ठेवायचा. मग प्रोग्रॅममधली एक चूक शोधून दुरुस्त करायची. म्हणजे शब्द सगळीकडे एका फटक्यात बदलून चालणार नव्हतं, निवडून निवडून बदलायचा होता.

चूक कुठे आहे हे बऱ्याच जणांना कळलं होतं. गाडी अडली ती भलतीकडेच. निम्मा वर्ग एकेक ओळ खाली जाऊन हाताने शब्द खोडत आणि लिहीत बसला. एकाकडून अर्धं पान मिटलं. त्याने सवयीने कंट्रोल-झेड दाबलं, तर एडिटरच पडद्यावरून गायब! एमॅक्समध्ये कंट्रोल-झेडचा अर्थ 'केलेलं परत फिरव' असा नसतो, 'मला जरा बाजूला ठेव' असा असतो. त्या बिचाऱ्याला वाटलं सगळं गेलं. तो सरळ पहिल्यापासून टाइप करायला लागला.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने मात्र कंट्रोल-एच दाबलं, मग आर दाबलं. एमॅक्सचं अख्खं मॅन्युअल तिच्या समोर उघडलं. तिने आय दाबलं, 'रिप्लेस' असं लिहिलं. पहिल्यांदा आलं ते तिला नको होतं. स्वल्पविराम दाबला, पुढचं आलं. तेही नको होतं. पुन्हा दाबला. असं करत करत तिला 'विचारून बदल' अशा अर्थाचा भाग सापडला: प्रत्येक ठिकाणी एडिटर थांबतो, तुम्ही वाय किंवा एन दाबायचं. पाच-सात मिनिटं शोधण्यात गेली, काम दोन मिनिटांत झालं.

आणि तेवढ्यात एक्स्टर्नल तिच्या मागे येऊन उभे राहिले. 'हे काय उघडलंय? ही कॉपी आहे.'

ही गोष्ट मला त्याच लॅबमध्ये शिकवणाऱ्या मित्राने सांगितली. त्या दिवशी दोन परीक्षकांमध्ये चांगलीच वादावादी झाली. मित्राचं म्हणणं, फोनला बंदी आहे, इंटरनेटला बंदी आहे, पण मॅन्युअल हा त्या सॉफ्टवेअरचाच भाग आहे. त्याला बंदी आहे असं कुठे लिहिलंय? एक्स्टर्नल म्हणत होते, बाकीच्यांनी नाही बघितलं, मग हिनेच का बघायचं? शेवटी नियमात काही सापडलं नाही आणि तिचा पेपर तसाच तपासला गेला. पण ती मुलगी पुढचा अर्धा तास थरथरत्या हाताने टाइप करत होती, असं मित्र म्हणाला. पुढे तो जे बोलला ते जास्त महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, 'मी इतकी वर्षं लॅब घेतोय. खरं सांगू? ते मॅन्युअल आत असतं हे मलाही नीट माहीत नव्हतं. मुलांना कुठून असणार?'

दोस्तहो, आजचा विषय हा आहे. सॉफ्टवेअरच्या आत त्याचं स्वतःचं पुस्तक असतं आणि ते वाचता येणं हे एक कौशल्य आहे. ते आपल्याला कुणी शिकवत नाही. उलट कुणी स्वतःहून शिकलंच, तर त्याच्याकडे चोरासारखं बघितलं जातं.

पुस्तक पोटात घेऊन आलेला एडिटर

एमॅक्स काय आजचा नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये तो जन्मला. त्यामागचं मोठं नाव रिचर्ड स्टॉलमन. याच स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये ग्नू एमॅक्स लोकांसमोर आणला. कुणीही वापरा, आतला कोड वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, असं म्हणणारी ही मंडळी. मग त्यांच्यापुढे साहजिकच एक प्रश्न आला. सॉफ्टवेअर मोकळं दिलं, पण ते वापरायचं कसं हे सांगणारं पुस्तक कुठल्या तरी प्रकाशकाच्या कुलपात राहिलं, तर त्या मोकळेपणाचा उपयोग काय? म्हणून पुस्तकही सोबतच द्यायचं ठरलं.

त्यासाठी त्यांनी जी पद्धत वापरली तिचं नाव इन्फो. लेखकाने मजकूर एकदाच लिहायचा; त्यातूनच छापील पुस्तक तयार होतं आणि पडद्यावर वाचायचं पुस्तकही. एमॅक्सचं मॅन्युअल छापलं तर सहाशेच्या वर पानं भरतात. एवढं बाड पडद्यावर सरळ ओळीने कोण वाचणार? म्हणून त्याचे लहान लहान तुकडे केले. तुकड्याला नाव 'नोड'. एका नोडमध्ये एकच विषय. वरच्या ओळीत पुढचा नोड कोणता, मागचा कोणता, वरचा कोणता ते लिहिलेलं. आणि विषय मोठा असेल तर शेवटी मेनू, म्हणजे त्याच्या पोटातल्या लहान नोडची यादी.

यादीतल्या नावावर जा, बटण दाबा, त्या पानावर पोहोचा. ओळखीचं वाटतंय ना? आपण रोज वेबवर तेच करतो. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला तो १९८९ साली. त्याच्या आधीच ही मंडळी माऊसशिवाय, इंटरनेटशिवाय, साध्या अक्षरांच्या पडद्यावर एका पानावरून दुसऱ्या पानावर उड्या मारत होती.

जिल्हा, तालुका, गाव

आता मुद्द्याचं. या पुस्तकात फिरायचं कसं? पहिल्यांदा उघडणारा इथेच हरवतो. चार बटणं दाबतो, भलत्याच पानावर पोहोचतो, वैतागून बंद करतो. मीही तेच केलं होतं. एकदा नाही, तीनदा.

डोक्यात एक चित्र ठेवा. आपला पत्ता कसा असतो? जिल्हा, त्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात गल्ली. मॅन्युअलही तसंच रचलेलं असतं.

कंट्रोल-एच आणि मग आय दाबलं की तुम्ही राज्याच्या नकाशावर येता. तुमच्या मशीनवर जेवढी मॅन्युअल बसवलेली आहेत त्या सगळ्यांची यादी तिथे असते. नुसत्या एमॅक्सचीच नव्हे, इतर प्रोग्रॅमचीही. हा झाला डिरेक्टरी नोड. कुठूनही इथे परत यायचं तर डी. एम दाबून नाव टाइप केलं की त्या जिल्ह्यात शिरता. पूर्ण नाव टाइप करायची गरज नाही. दोन-चार अक्षरं लिहून टॅब दाबा, बाकीचं तो भरतो. प्रत्येक मेनूत हेच करायचं. एम दाबा, नाव द्या, आत जा. किंवा टॅबने उड्या मारत नावावर जा आणि एंटर करा.

यू म्हणजे वर. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला.

एन म्हणजे त्याच तालुक्यातलं पुढचं गाव. पी म्हणजे त्याच तालुक्यातलं अलीकडचं गाव.

आणि एल म्हणजे आलो त्या वाटेने परत.

इथे थांबा, कारण सगळा घोळ इथेच होतो. पी आणि एल दोन्ही 'मागे' नेतात, पण त्यांचं 'मागे' वेगवेगळं असतं. समजा तुम्ही साताऱ्यातल्या एका गावात होतात, तिथल्या पाटीवर लिहिलं होतं, 'यासाठी नाशिक बघा', आणि तुम्ही उडी मारून नाशिकच्या एका गावात आलात. आता पी दाबलं तर नाशिकमधलंच शेजारचं गाव मिळेल. तुम्हाला मात्र साताऱ्याला जायचंय. त्यासाठी एल. नवखा माणूस पी दाबत राहतो आणि दर वेळी साताऱ्यापासून आणखी लांब जातो. मग म्हणतो, हे मॅन्युअलच चक्रम आहे. मॅन्युअल बरोबर असतं. पी नकाशाप्रमाणे चालतं आणि एल तुमच्या पावलांप्रमाणे, एवढाच फरक आहे. हा फरक एकदा कळला की भीती निम्मी संपते. ब्राउझरमधला मागे जायचा बाण आपण रोज दाबतो, तो एलचाच भाऊबंद.

काहीच सुचत नसेल तर नुसता स्पेसबार दाबत राहा. पान खाली सरकतं, पान संपलं की पुढच्या नोडमध्ये नेतं. अख्खं पुस्तक असं वाचून काढता येतं. बॅकस्पेस दाबलं की उलट. क्यू दाबलं की बाहेर. आणि बाहेर जाऊन पुन्हा कंट्रोल-एच, आय केलं, तर जिथे होतात तिथेच परत येता.

हे सगळं मी सांगतोय त्यापेक्षा छान तो स्वतः सांगतो. इन्फो उघडल्यावर एच दाबा. एक धडा सुरू होतो. तो तुम्हाला एन दाबायला लावतो, पी दाबायला लावतो, मेनूत पाठवतो, परत बोलावतो. सायकल शिकवताना मागची सीट धरून कुणी पळतं ना, तसं. शांतपणे करा, तासाभरात होतो.

नाव माहीत नसलेली वस्तू

मॅन्युअलमध्ये शोधताना दुसरी अडचण येते ती शब्दांची. एमॅक्स इतका जुना आहे की आज आपण ज्याला जे म्हणतो, त्याला तो वेगळंच काही म्हणतो. आपलं 'कट' त्याच्याकडे 'किल' आहे. आपलं 'पेस्ट' त्याच्याकडे 'यँक' आहे. आपण ज्याला विंडो म्हणतो त्याला तो फ्रेम म्हणतो आणि त्या फ्रेमचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्याला विंडो म्हणतो. मग 'विंडो कशी बंद करायची' हे शोधलं की भलतंच उत्तर मिळतं आणि आपण म्हणतो, याला काही येत नाही.

घरात नाही का, आजी फडताळ म्हणते, आपण कपाट म्हणतो. आजीला काही येत नाही असं आपण म्हणत नाही. तिचा शब्द शिकतो.

यावर दोन उपाय. पहिला, आय, म्हणजे शेवटची सूची. सूची करणाऱ्याला माहीत असतं की वाचणारा आपल्याच शब्दाने शोधणार, म्हणून बऱ्याचदा नेहमीचे शब्दही त्यात घातलेले असतात. पहिली नोंद चुकीची निघाली तर स्वल्पविराम दाबून पुढची बघायची, तिसऱ्या रांगेतल्या मुलीने केलं तसं. दुसरा, एस, म्हणजे अख्ख्या मॅन्युअलच्या मजकुरात शोध. सूचीत काही नाही मिळालं तरच एस वापरा, कारण एसला कुठे तरी ओझरता आलेला शब्दही सापडतो.

आणि काही प्रश्नांना तर पुस्तकही उघडावं लागत नाही. कंट्रोल-एच, मग के, मग कुठलंही बटण दाबा. हे बटण काय करतं ते एमॅक्स सांगतो. परीक्षेतल्या त्या मुलाने कंट्रोल-झेडच्या आधी एवढं केलं असतं तर एडिटर गायब झाला नसता. कंट्रोल-एच आणि एल दाबलं तर शेवटी कोणकोणती बटणं दाबली गेली त्याची यादी मिळते. 'मी काहीच केलं नाही, आपोआप झालं' असं म्हणणाऱ्यांसाठी ही फार उपयोगाची सोय आहे. मध्येच अडकलात तर कंट्रोल-जी. सोडून दे, असं सांगणारं बटण आहे ते.

दोन बारीकसारीक गोष्टी, कारण इथेच अनेक जण पहिल्या दिवशी गळतात. काही टर्मिनलमध्ये कंट्रोल-एच आणि बॅकस्पेस यांची गल्लत होते. तसं झालं तर एफ-१ दाबा, तेही मदतीचंच बटण आहे. आणि डेबियन किंवा उबंटूवर एमॅक्स बसवल्यावर एमॅक्सचंच मॅन्युअल गायब दिसलं तर घाबरू नका. त्या मॅन्युअलच्या परवान्यात, काही भाग कुणी बदलू नयेत अशी अट आहे. बदलताच येत नाही ते मोकळं कसं म्हणायचं, असा डेबियनवाल्यांचा आक्षेप. २००६ मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेऊन असा मजकूर मुख्य भागात ठेवायचा नाही असं ठरवलं. त्यामुळे मॅन्युअलचं पॅकेज वेगळं आहे, नावाच्या शेवटी नॉन-डीएफएसजी असं येतं. ते वेगळं बसवावं लागतं. स्वातंत्र्य म्हणजे काय यावर भांडणारी माणसं पुस्तकाच्या अटींवरूनही मतदान घेतात, हे वाचून मला तरी मजा वाटली होती. लॅब सांभाळणाऱ्या सरांना हे पॅकेज टाकायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

पण हे इंग्रजीत आहे ना सर!

हा प्रश्न येणारच. आणि तो खोटा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलीला सहाशे पानांचं इंग्रजी समोर दिसलं की पोटात गोळा येतो. 'इंग्रजी सुधारा' असं सांगून मोकळं होणाऱ्यांतला मी नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. मॅन्युअलची इंग्रजी कादंबरीची इंग्रजी नसते. वाक्यं सरळ, शब्द थोडे, आणि तेच तेच पुन्हा येणारे. एका धड्यात अडलेला शब्द पाचव्या धड्यात ओळखीचा झालेला असतो. एक वही करा. डाव्या बाजूला मॅन्युअलचा शब्द, उजव्या बाजूला तुमच्या भाषेतला अर्थ. शब्दकोशातला अर्थ लिहू नका, तुम्हाला समजला तो लिहा. माझ्या वहीत 'बफर' या शब्दासमोर लिहिलं होतं: 'फाइलची कच्ची पाटी. सेव्ह केल्याशिवाय पक्क्या वहीत जात नाही.' तेवढ्याने काम भागलं.

सुरुवातीला कानाने शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्ससारख्या विषयांवरचे धडे मराठीतही केले आहेत. ते जरूर बघा. आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी अजून एक. या मॅन्युअलचं भाषांतर करायला त्याचा परवाना मुभा देतो, अटी वाचून घ्या म्हणजे झालं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तेच ते लायब्ररी मॅनेजमेंट करण्यापेक्षा चार जणांनी मिळून मॅन्युअलचा एखादा भाग चांगल्या मराठीत आणला, तर पुढच्या वर्षीच्या ज्युनिअर्सच्या तो कामी येईल.

एआय असताना हे कशाला?

हाही रास्त प्रश्न. आज कुणालाही विचारा, अडलं की तो चॅटबॉटला विचारतो, नाहीतर सर्च करतो. मीही विचारतो. झटपट उत्तर मिळतं, मराठीत विचारता येतं, कुणी हसत नाही. ते सोडा असं मी म्हणणार नाही.

पण तीन गोष्टी सांगतो, पटतात का बघा.

एक, तुमच्या मशीनवरचं मॅन्युअल तुमच्या मशीनवरच्या आवृत्तीचं असतं. बाहेरचं उत्तर कुठल्या आवृत्तीचं आहे हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. लॅबमधली मशीन पाच-सात वर्षं जुनी असतात. 'त्याने सांगितलं तसं केलं, पण इथे तो पर्यायच नाही' हा अनुभव कुणाला नाही?

दोन, मिळालेलं उत्तर बरोबर आहे का हे ताडून बघायला काहीतरी हवं. चॅटबॉट चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. ताडून बघायची जागा म्हणजे मॅन्युअल. ते वाचताच येत नसेल तर विश्वास ठेवण्यावाचून आपल्या हातात काय राहतं?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देईल. पण प्रश्न विचारायला आधी ती गोष्ट असते हे माहीत लागतं. लॅबमधला निम्मा वर्ग हाताने शब्द बदलत होता, कारण 'विचारून बदलणारी' काही सोय असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेनूचं काम इथे आहे. तुम्ही काही न विचारता तो सांगतो, या दुकानात हे हे मिळतं. थाळी माहीत असलेला माणूस हॉटेलात थाळीच मागतो. समोरच्या फळ्यावर लिहिलेलं वाचल्याशिवाय झुणका-भाकरी पण आहे हे कळत नाही.

एमॅक्सच शिका असा माझा हट्ट अजिबात नाही. अनेक जण आयुष्यात तो कधी उघडणार नाहीत, आणि त्याने काही बिघडत नाही. १९९१ साली आलेल्या विममध्येही अशीच आतली मदत आहे. तिथे कोलन देऊन 'हेल्प' लिहायचं, दुव्यावर कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबून आत जायचं, कंट्रोल-टीने परत यायचं. लिनक्सच्या टर्मिनलवर 'मॅन' आहे. त्याची परंपरा १९७१ च्या युनिक्स मॅन्युअलपर्यंत मागे जाते. पायथनमध्ये 'हेल्प' लिहून कंस उघडा, बंद करा, एंटर द्या. बटणं वेगळी, पण डोक्यातला नकाशा तोच: वर काय, आत काय, शेजारी काय, आणि परत कसं यायचं. एकदा एका गावात फिरायला शिकलात की दुसऱ्या गावात हरवत नाही.

कॉपी कशाला म्हणायचं?

आता पुन्हा त्या परीक्षेकडे.

एक्स्टर्नलना मी दोष देत नाही. ते ज्या पद्धतीतून आले तिथे परीक्षा म्हणजे पाठांतर, आणि समोर पुस्तक उघडं म्हणजे कॉपी. थिअरीच्या पेपरात ठीक आहे. पण प्रॅक्टिकल कशासाठी असतं? उद्या नोकरीवर गेल्यावर काम जमेल का, हे बघायला. नोकरीवर कुणी सांगत नाही की कमांड पाठ म्हणून दाखव. तिथे एक नवीन प्रोग्रॅम समोर टाकतात आणि संध्याकाळपर्यंत कर म्हणतात. अनेक ठिकाणी सुरक्षेसाठी बाहेरचं नेट बंद असतं. तिथे मॅन्युअल उघडून स्वतःची वाट शोधणारा माणूस उपयोगाचा, आणि शेजाऱ्याला हाक मारत बसणारा ओझं.

आणि यात आणखी एक बाजू आहे, जी फारशी कुणी बोलत नाही. ज्याच्या घरी मोठा भाऊ इंजिनिअर आहे, ज्याने हजारो रुपये देऊन क्लास लावलाय, त्याला चार युक्त्या आधीच कुणीतरी सांगितलेल्या असतात. ज्याला कुणी सांगणारं नाही, आणि वर्गात हात वर केला तर 'एवढंही येत नाही?' ऐकावं लागेल म्हणून जो गप्प बसतो, त्याच्यासाठी ते मॅन्युअल हाच मोठा भाऊ असतो. फुकट, रात्री दोन वाजताही जागा, आणि एकच गोष्ट दहादा विचारली तरी न चिडणारा. त्यालाच कॉपी म्हणून बंद केलं, तर नुकसान कुणाचं होणार हे सांगायला नको.

म्हणून कॉलेजांना आणि प्रॅक्टिकलचे नियम ठरवणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. नेट बंद ठेवा, फोन जमा करा, पण सॉफ्टवेअरच्या आतली मदत वापरायची परवानगी आहे असं प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट छापा. म्हणजे ते एखाद्या परीक्षकाच्या मर्जीवर राहणार नाही. आणि पाच मार्क खास त्याच्यासाठी ठेवा: न शिकवलेली एक गोष्ट मॅन्युअलमधून शोधून करून दाखवा.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. आज-उद्यात लॅबमध्ये किंवा घरच्या मशीनवर अर्धा तास काढा. कंट्रोल-एच, मग आय, मग एच. धडा पूर्ण करा. मग एक गोष्ट शोधा जी तुम्ही रोज हाताने करता आणि कंटाळता. ती कमी कष्टात होते का ते मेनूत बघा. पहिल्या दिवशी हरवाल. हरवलात की डी दाबा आणि पुन्हा निघा.

माझ्या त्या मित्राने या सेमिस्टरची पहिली लॅब वेगळी घेतली. जर्नलमध्ये लिहायला प्रोग्रॅम दिलाच नाही. नेट बंद करून सांगितलं, तासभर फक्त मॅन्युअलमध्ये फिरा आणि मला माहीत नसलेली एक तरी गोष्ट सांगा. पहिली दहा मिनिटं कुरकुर झाली. तास संपताना फळ्यावर अकरा गोष्टी लिहिलेल्या होत्या. त्यातल्या सात त्याला माहीत नव्हत्या. त्या त्याने स्वतःच्या वहीत उतरवून घेतल्या.